काहूनमामा आणि तपकिरी खाच

हिंगोली जिल्ह्यातल्या तमाम सुजाण नागरिकांना कळवण्यात येते की, या जिल्ह्यात आता कोणालाही, कोणत्याही दुकानात, कोणतीही वस्तू मागितल्याबरोबर मिळते. विकणारा चकार शब्द काढत नाही. परिस्थिती अत्यंत गंभीर आहे. ती आटोक्यात ठेवणाऱ्या एकमेव गृहस्थांचं दुकान बंद झालं असून त्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकली जातात. सबब, सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं. मी बसूनच राहतो, कारण मला लिहायचं आहे.

त्या गृहस्थांचं खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावर असेल. बाकी सगळे त्यांना काहूनमामा म्हणत. ‘का’ या अर्थी ‘काहून’ हा शब्द आमच्याकडे कोणीही दिवसातून वीसदा सहज वापरून टाकतो. मामा तो वापरत नसत, उगारत. गिऱ्हाइकानं काही मागायला तोंड उघडलं की चष्मा कपाळावर जाई, हातातली सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली जाई आणि प्रश्न येई, “काहून?” समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ती गन पुन्हा उचलली जात नसे.

एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानाच्या आणि फोटो स्टुडिओच्या मधल्या फटीत त्यांची जागा होती. नव्वदच्या दशकात तिथे रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही मरायला टेकलेले येत आणि बरे होऊन जात. मग जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले. मामा एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि एक फाटकी डिक्शनरी घेऊन सहा महिने बसले आणि सातव्या महिन्यात पाटीवरच्या ‘टी.व्ही.’पुढे वेगळ्या रंगात ‘कॉम्प्युटर’ लिहून मोकळे झाले. पाटीवर जागा संपल्यामुळे ‘टर’ खालच्या ओळीत गेलं आणि शेवटपर्यंत तिथेच लोंबत राहिलं.

त्यांच्या दुकानातून माणूस रिकाम्या हातानं परत जाणं ही रोजची गोष्ट होती. मोंढ्यातल्या घाऊक बाजारातला एक हळदीचा अडत्या एकदा मोठ्या दिमाखात आला आणि म्हणाला, सगळ्यात भारी कॉम्प्युटर द्या. काहून? तर शेजारच्या अडत्याकडे आलाय म्हणून. त्यावर करणार काय? काही नाही, गादीशेजारी ठेवणार. मामांनी अत्यंत शांतपणे, म्हणजे ते भयंकर चिडले की होत तितक्या शांतपणे, त्याला सल्ला दिला, “मंग शेटजी, टीव्हीचं रिकामं खोकं ठेवा अन् वर कापडाचं झाकण घाला. कॉम्प्युटरवर बी लोक झाकणच घालून राहिलेत. कोणाला काय समजते?” अडत्या उठून समोरच्या काचेच्या कॉम्प्युटर-दुकानात गेला. तिथे काचेचं दार होतं, पंखा होता, थंड पाणी होतं, आणि कोणीही काहीही विचारत नव्हतं.

आता मी ज्या अन्यायाबद्दल बोलणार आहे तो आठवला की आजही माझ्या कानशिलात गरम होतं. त्या काळी लोक प्रोसेसर आकड्यावरून घेत. आकडा वेगाचा असे, पण सांगत असत परीक्षेच्या मार्कांसारखा. आमच्या साडूकडे दोन पॉइंट चार आहे, आम्ही दोन पॉइंट आठ घेतला. लग्नाच्या पंगतीत हे आकडे वाढले जात. आणि ते काचेचं दुकान काय करी? तो मोठ्या आकड्याचा प्रोसेसर अशा एका फडतूस मदरबोर्डावर बसवून देई, की ज्याच्यावर पुढे काही लावायचं म्हटलं तर लावायला जागाच नाही. दीड वर्षात त्या बोर्डावरच्या बारक्या टोप्या, म्हणजे कपॅसिटर, पुरीसारख्या टम्म फुगत आणि ते धूड मामांकडे येई. मामा तो बोर्ड उजेडात धरत आणि बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, “जीपच्या काट्यावर एकशेवीस लिहेल असते. म्हणून आपल्या गोरेगावच्या खड्ड्याच्या रस्त्यानं एकशेवीसनं जातेत का?”

त्यांचा नियम होता, आधी बोर्ड. गेम खेळायचा असला तर मग आधी बोर्डच. प्रोसेसर कमी आकड्याचा घ्या, उद्या बदलता येतो. बोर्ड चुकला की सगळंच चुकलं. हे ते नुसतं सांगत नसत. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बोर्ड ठेवत आणि गिऱ्हाइकाची तर्जनी हातात धरून, लहान लेकराला अक्षर गिरवायला लावावं तशी बोर्डावर फिरवत. “हितं प्रोसेसर बसते. बोट ठेव. हितं रॅम. आन् ही खाच पाय.” ती खाच तपकिरी असे, आखूड, बाकीच्या पांढऱ्या खाचांपासून जरा फटकून. तीत ग्राफिक्सचं वेगळं कार्ड बसतं आणि ते बसलं तरच गेम गेमसारखा चालतो. स्वस्तातल्या बऱ्याच बोर्डांना ती खाच नसेच. ज्याला खाच नाही त्या बोर्डाला मामा बोर्ड म्हणत नसत. ‘पत्रा’ म्हणत.

आणखी एक विद्या त्यांच्याकडे होती. कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, उघडलं की आतल्या धुळीवरून ते घर सांगत. जिनिंगजवळचा डबा असला तर पंख्याला कापसाचे तंतू. गिरणीवाल्याचा असला तर पांढरं पीठ. मोंढ्यातला असला तर पंख्याची पाती पिवळीधमक, आणि मामा मालकाला विचारणार, “प्रोसेसरला हळद लागून राहिली. लगीन कवा हाय?”

अशा माणसाकडे मी एक खोटं घेऊन गेलो.

मी तेव्हा बारावीत रसायनशास्त्रात नापास झालेला, गोरेगावचा, गुरुजींचा मुलगा होतो. यातला प्रत्येक शब्द मला त्या वर्षी दिवसातून चारदा ऐकवला जाई. गुरुजी म्हणजे माझे वडील, अण्णा. शाळेत त्यांच्यासमोर कोणी ‘न्हाई’ म्हटलं की ते पूर्ण वाक्य ‘नाही’ घालून पाचदा म्हणायला लावत. ‘काहून’ म्हणणाऱ्याला तर उभंच करत. आमच्या अख्ख्या गावात शुद्ध बोलणारं एकच घर होतं आणि त्यात मी नापास झालो होतो.

पण त्याच सुट्टीत नांदेडला मावसभावाच्या कॉम्प्युटरवर मी मोटारींच्या शर्यतीचा गेम पाहिला होता आणि माझं सगळं चित्त त्या रस्त्यावर जाऊन बसलं होतं. घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की रसायनशास्त्र आता सीडीवर मिळतं, चित्रांसकट, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत त्याशिवाय पास होणं कठीण आहे. अण्णांनी दोन दिवस पासबुक चाळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल.

मला मामांबद्दल माहीत असतं तर मी अण्णांना काचेच्या दुकानात नेलं असतं. पण हिंगोलीला येताना जीपमधल्या कोणीतरी अण्णांना सांगितलं की प्रामाणिक माणूस पाहिजे तर मागच्या गल्लीत जा. अण्णांना प्रामाणिक माणसांची आवड. आम्ही त्या फटीसमोर उभे राहिलो, मी म्हणालो की कॉम्प्युटर घ्यायचाय, दोन पॉइंट आठ, आणि चष्मा कपाळावर गेला.

“काहून?”

आता तुम्हीच सांगा. गेमसाठी म्हणावं, तर अण्णा तिथूनच मला परतीच्या जीपमध्ये बसवणार. अभ्यासासाठी म्हणावं, तर हा माणूस कमी पैशांतला, बिनखाचेचा पत्रा देणार आणि माझी शर्यत जन्मभर नांदेडलाच राहणार. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “याच्या अभ्यासाकरता.” मामांनी माझ्याकडे पाहिलं. अभ्यासाला दोन पॉइंट आठ मागणारं पोरगं ते पहिल्यांदा पाहत नसावेत.

“गुरुजी,” अण्णांच्या धोतर-टोपीवरून ओळखून ते म्हणाले, “एक सांगून ठेवतो. प्रोसेसरात हात आखडला तरी चालते. बोर्डात हयगय करू नका.”

अण्णांचा चेहरा उतरला. बोर्ड म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच बोर्ड येत असे. ते हळू आवाजात म्हणाले, “हयगय झाली. म्हणून तर ही वेळ आली.”

“पैला गेला का?”

“गेला. रसायनात गेला.”

“मंग उंदीर मुतला असंल.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. उंदीर हा शब्द त्यांनी माझ्याबद्दल घेतला असावा, कारण त्यांनी तो मान्य केल्यासारखी मान हलवली. आता पुन्हा बसवायचा ना, असं मामांनी विचारलं. ऑक्टोबरमध्ये बसवतो आहे, असं अण्णांनी सांगितलं. मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ऑक्टोबरपर्यंत थांबायचं काही कारण नाही, आपण आजच बसवू. अण्णा चकित होऊन म्हणाले, आज कसं बसवता येईल, फॉर्म भरावा लागतो. मामा म्हणाले, आपल्याकडे फॉर्म नाही, वॉरंटीचं कार्ड देतो. मी शिंप्याच्या मशिनचा आवाज मोजत उभा होतो.

“माझं एवढंच म्हणणं आहे,” अण्णा कळकळीनं म्हणाले, “की या खेपेला बोर्ड चांगलं जायला पाहिजे.”

मामांना हा अपमान सोसवेना. ते स्टुलावरून उठले. “जाणारच न्हाई. लिहून देतो. धा वर्षं जाणार न्हाई.”

दहा वर्षं. अण्णा मटकन शेजारच्या बाकावर बसले.

मी आयुष्यात दोन-चार चांगली कामं केली असतील. त्या वेळी केलं नाही. मी गैरसमज तसाच चालू दिला. मामांनीच अण्णांची तर्जनी धरली, वर्तमानपत्रावरच्या हिरव्या बोर्डावर ठेवली आणि म्हणाले, हा बोर्ड हो गुरुजी. अण्णांनी बोट तसंच ठेवून त्याच्याकडे पाहिलं. मग त्यांना हसू आलं. आमच्या घरात माझ्या निकालानंतर आलेलं ते पहिलं हसू. दुसरा कोणी असता तर त्यानं गैरसमज झाला म्हणून स्वस्तातला बोर्ड मागितला असता. अण्णा म्हणाले, “बोर्डात हयगय करायची नाही असंच आपण दोघं म्हणत होतो ना? मग नाही करायची.” आणि बोर्ड चांगला आला, प्रोसेसर कमी आकड्याचा. बोट फिरता फिरता तपकिरी खाचेवर आलं तेव्हा अण्णांनी विचारलं, ही रिकामी कशाला? मामा म्हणाले, ते याला विचारा. मी म्हणालो, पुढं कधी लागली तर. दुसरं खोटं.

कॉम्प्युटर गोरेगावात आला. आईनं त्याला हळद-कुंकू लावलं, कापडाचं झाकण शिवलं, आणि मी दारं लावून गेम टाकला. पहिलं वळण बरं गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर एक तळं होतं, झाडं होती, आणि तिथे पोचलं की सगळं चित्र जागच्या जागी गोठे, तीन-चार आचके देई आणि माझी गाडी भिंतीवर. शंभरदा खेळलो, शंभरदा भिंतीवर. खाच रिकामी होती, त्याला कोण काय करणार?

मी महिनाभर पैशांची जमवाजमव केली आणि कार्ड आणायला हिंगोलीला गेलो. शिकवणीसाठी मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी दुपारी मी जातच होतो. साफसफाईच्या निमित्तानं डबा आणि कीबोर्डही जीपमध्ये टाकून नेला. मामांनी विचारलं, “काहून?” या वेळी अण्णा सोबत नव्हते, म्हणून मी खरं सांगितलं. गेमसाठी.

मामा असे भडकले की शिंप्यानं मशिन थांबवलं. गेमवर त्यांचा राग नव्हता. “गेम खेळायचा त खेळायचा म्हण ना लेका. चोरी हाय का? खोटं सांगून बोर्ड नेला तू माझ्याकडून. माझ्याकडून.” ते दुसरं ‘माझ्याकडून’ इतकं दुखावलेलं होतं की मला मान वर करता येईना. मग त्यांनी डबा उघडला, पंखा फुंकला, कीबोर्ड उलटा करून वर्तमानपत्रावर आपटला. पांढरी भुकटी पडली. त्यांनी बाणांच्या चार बटणांवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, अंगठ्यावर चोळलं.

“तू खडू खातो का रे?”

मी नाही म्हणालो.

“कार्ड हाय माझ्याकडं. पण गुरुजींना घेऊन ये. त्यांच्यासमोर सांगीन त मिळंल.”

या माणसाचा मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. काचेचं दुकान समोर होतं, कार्ड तिथेही होतं. पण डबा उघडा होता, आणि मामांच्या हाताला लागलेला डबा त्या दुकानातल्या हातांत देणं मला त्या वयातही जमेना. मी तिसऱ्या वळणावर भिंतीला धडकत राहिलो, उरलेल्या वेळात नाइलाजानं रसायनशास्त्र वाचत राहिलो, आणि ऑक्टोबरात काठावर पास झालो. निकालाच्या दिवशी पेढा हातात असतानाच मी अण्णांना सगळं सांगून टाकलं. सीडी, गेम, खाच. अण्णांनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा ताटलीत ठेवला. पुन्हा दोन दिवस पासबुक चाळलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, चल.

तिथे काय झालं ते सांगतो, पण आधी मामांचं सांगायला हवं, नाहीतर ते राहून जाईल.

पुढे लॅपटॉप आले. मामांनी पहिला लॅपटॉप उघडला आणि प्रोसेसर बोर्डालाच चिकटवलेला पाहून तो तसाच बंद करून मालकाला परत दिला. “निवडायचं काय मंग ह्याच्यात?” असं ते आठवडाभर दिसेल त्याला विचारत होते. मग डोळे कमी झाले, हात कापायला लागले, आणि ते दुकान आवरून कनेरगाव नाक्याला मुलीकडे राहायला गेले. मी एकदा वाशीमला जाताना उतरलो. ओसरीत बाजेवर बसले होते, कानाजवळ रेडिओ, रेडिओ बंद. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हणालो की मामा, नवा कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो. चष्मा नव्हता, पण हात सवयीनं कपाळाकडे गेला. “काहून?” आवाज अगदी बारीक झाला होता. मी कॉम्प्युटर घेतला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

आता मी घरबसल्या वस्तू मागवतो. मला पत्ता विचारतात, पिन कोड विचारतात, वस्तू आवडली का म्हणून तारे मागतात. काहून पाहिजे, हे विचारायची एकाचीही हिंमत नाही. हा आपल्या सगळ्यांचा घोर अपमान आहे, आणि तो आपण घरपोच घेतो.

तर त्या दिवशी अण्णा आणि मी फटीसमोर उभे राहिलो. धुतलेलं धोतर, कोट, टोपी. नेमका शनिवार, गल्लीत गर्दी. बाकावर अण्णांचे दोन जुने विद्यार्थी बसलेले. गुरुजी दिसताच दोघं उठून उभे राहिले. मी खाली पाहत तयारच होतो की आता मला सर्वांसमोर खरं बोलायचं आहे. अण्णांनी हातानं मला मागे सारलं आणि शुद्ध, स्वच्छ मराठीत मामांना सांगितलं की त्या रिकाम्या खाचेत बसणारं कार्ड हवं आहे.

मामांनी गन स्टँडवर ठेवली. चष्मा कपाळावर नेला. माझ्याकडे पाहिलंच नाही. अण्णांच्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. सकाळची शाळा सुटल्यावर अण्णा सरळ जीपमध्ये बसले होते. बोटं पांढरी होती.

“काहून?”

अण्णांनी खाकरून घसा साफ केला. टोपी सारखी केली. विद्यार्थ्यांकडे पाहिलं, शिंप्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहायचं टाळलं. मी शिकवणीला हिंगोलीत असे तेव्हा शनिवारच्या दुपारी घरी कोण असतं, हा हिशेब माझ्या डोक्यात त्या क्षणी जुळत होता, आणि तो पुरता जुळायच्या आत, तीस वर्षं गावाला शुद्ध बोलायला लावणारा तो माणूस भर गल्लीत ओरडला,

“काहून म्हंजे? तिसऱ्या वळणावर माही गाडी अडकून राहिली ना!”